नवमीला दिलेली गाडी

चिंचपोकळीचा पूल उतरताना माझ्याखालची सीट दोन बोटं मागं सरकली. दोनच बोटं. मांडीवर चंपा होती, दोन वर्षांची व्हायला आलेली, आपट्याची पानं मुठीत धरून त्यांचे देठ चघळणारी. आणि मी ह्यांच्या पाठीशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होते, बहुतेक खालच्या मजल्यावरच्या शेवंतीच्या लग्नाचं. वाक्य तिथंच राहिलं. एक हात आपोआप ह्यांच्या पोटाभोवती गेला, दुसरा चंपाच्या छातीवर आवळला गेला, इतका की ती कुरकुरली. आणि मग काही झालं नाही. पूल संपला, फटफटी सात रस्त्याकडं वळली, दसऱ्याचं ऊन होतं, दुकानांना तोरणं होती, नव्या सदऱ्यांतली माणसं एकमेकांना सोनं देत उभी होती. हँडलला बांधलेला झेंडूचा हार वाऱ्यानं मागं उडून ह्यांच्या गुडघ्यावर आपटत होता. भिंतीवर डांबरानं लिहिलेली 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'ची मोठमोठी अक्षरं बाजूनं गेली. सगळं होतं तसंच होतं. ह्यांना काही कळलं नव्हतं. त्यांनी फक्त मान जराशी वळवली, 'मग?' अशा अर्थानं. मी म्हटलं, "काही नाही."

फटफटी आमची नव्हती, ह्यांच्या ऑफिसची होती. हे लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत आहेत. कुठं लिफ्ट मध्येच अडकली की मलबार हिलपासून माटुंग्यापर्यंत कुठंही धावावं लागतं, म्हणून गाडी. रविवारी-सणावारी ती लालबागला आमच्या चाळीखाली उभी असायची, आणि ती ह्यांनी वापरली तर साहेब बघून न बघितल्यासारखं करत. मागं कुणाला बसवायचं नाही, हा नियम होता. मी आणि चंपा तो नियम दर रविवारी मोडत होतो. लालबाग ते गिरगाव, माझ्या माहेरपर्यंत, आणि संध्याकाळी परत. आमच्या खोलीत सासरे, सासूबाई, धाकटे दीर, नणंद, आम्ही तिघं. मध्ये लुगड्याचा पडदा. त्या पडद्यामागं नवराबायको कुजबुजलेसुद्धा तर पलीकडं सासूबाईंच्या बांगड्या थांबतात. त्यामुळं लग्नाला चार वर्षं होऊन आमचं जे काही बोलणं झालं ते त्या सीटवर झालं. बोलायची मीच. ह्यांच्या सदऱ्याला, दोन खांद्यांच्या मधल्या जागेला मी सगळं सांगायची: नणंदेचं, दुधाचं, मला रात्री पडलेलं स्वप्न, मला मॅट्रिकनंतर शिकायचं होतं ते, चंपाच्या पाठीवर मी दुसरं मूल होऊ दिलं तर काय होईल ते. आणि हे मधूनच एक खांदा उडवायचे. तो खांदा मला पुरायचा. शब्दांपेक्षा तो बरा वाटायचा. शब्द दिला की माणूस त्यात अडकतो.

वाडीत शिरल्यावर माझ्या आईनं ओवाळलं, सोनं दिलं, चंपाला घेऊन ती वर गेली. मी खालीच थांबले. "अहो," म्हटलं, "जरा सीट हलवून बघा." ह्यांनी हसत हात लावला. सीट हलली. देवघरातला सैल झालेला पाट हलतो तशी, अगदी साधेपणानं. हे खाली वाकले, सीटच्या पोटात बोटं घातली, आणि त्यांचा चेहरा माझ्याकडं नसूनही मला त्यांच्या मानेवरून कळलं.

"नट सैल आहेत. दोन्ही. बोटानं फिरतायत."

"कालच तर सर्व्हिसिंग झालं ना?"

"काल नवमीच्या संध्याकाळी दिली शोरूमवाल्यांनी. धुऊन पुसून, हार घालून. मी हार बघितला नि घेऊन आलो." ते बोटांनीच नट आवळत होते, आणि ते किती आवळले जाणार हे दोघांनाही दिसत होतं. मग कपाळाचा घाम मनगटानं पुसून म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"पुलावर."

"तेव्हाच सांगायचंस ना!"

"सांगून काय केलं असतंत? पुलावर उतरवलं असतंत?"

खरं म्हणजे मी तिथं बोलले नाही कारण माझा आवाजच आला नसता; पण ते मी सांगितलं नाही. "शोरूमवर जाऊन चांगलं झापा त्यांना," एवढंच म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडं पाहिलं, दमलेल्या माणसासारखं. "झापतो. पण पहिला प्रश्न काय येईल? मागची सीट सरकली हे तुम्हाला कसं कळलं? मागं कोण होतं? आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन. मग संपलं. रविवार संपला आपला." बोटं पुसत म्हणाले, "आपण गप्प बसू. मी उद्या कुणाकडून तरी आवळून घेतो."

परतताना मी सीटवर बसले नाही. बसता येईना. पाय उचलला, चंपाला सावरलं, आणि गुडघा तसाच राहिला. "तुम्ही व्हा पुढं," म्हटलं, "आम्ही बसनं येतो." दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली. खाली बसच्या बाजूनं हे फटफटी हळूहळू चालवत येत होते. बस थांबली की थांबत, निघाली की निघत, मागून टॅक्सीवाले भोंगे मारत असताना. चार वर्षांत मी त्यांना वरून पाहिलं नव्हतं. टाळूवर केस विरळ व्हायला लागले होते. चंपा काच थोपटत "बाबा, बाबा" करत होती, आणि त्यांना वर बघायची हिंमत होत नव्हती की काय, ते सरळ समोर बघून चालवत होते. मला एकदम हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. ही एवढी मोठी मुंबई, कोणाची म्हणून दोन वर्षं रस्त्यावर माणसं उतरतायत, आणि तिच्यात आम्हा दोघांना बसायला एक वीतभर जागा होती, तीही सरकली.

पुढचे रविवार मी काही ना काही कारण काढलं. सासूबाईंना बरं वाटलं. "बरां झालां गो," त्या तांदूळ निवडताना म्हणाल्या, "बायलमाणसान त्या फटफटीर बसान वारो खावचो कसलो! पडला-बिडला तर त्या पोराचा काय?" त्यांना काही माहीत नव्हतं, तरी त्यांनी तेच म्हटलं, आणि मी दचकले. हल्ली मी सगळ्यानंच दचकत होते. पाळणा माळ्यावर गेला होता, तरी त्याचा आढ्यातला आकडा मी येताजाता बघायची. स्टोव्हची पिन, गॅलरीचा कठडा, जिन्याची चौथी पायरी, सगळ्यांना हात लावून बघायची. जग कुणीतरी घाईघाईत आवळून आमच्या हातात दिलंय, वर हार घालून, असं वाटायचं. आणि त्याच सीटची दुसरी आठवण मध्येच यायची. चंपाच्या वेळची. गोळीबाराचे दिवस, संचारबंदी. उजाडता उजाडता माझ्या कळा सुरू झाल्या. टांगा नाही, टॅक्सी नाही. इस्पितळांच्या लिफ्ट बंद पडून चालत नाही म्हणून ह्यांच्याजवळ पास होता, आणि तो एका माणसाचा होता. सासूबाई "नको रे, नको रे" म्हणत असताना त्यांनी मला उचलून मागं बसवलं. लालबाग ते परळ, एवढासा रस्ता. पण तो रस्ता मी आधी कधी पाहिलाच नव्हता. दुकानं बंद, फुटलेल्या काचा, एक चप्पल रस्त्याच्या मधोमध. कळ आली की मी ह्यांच्या खांद्यात बोटं रुतवायची आणि हे फटफटी हळू करायचे, कळ सरली की पुन्हा वेग. पोलिसानं अडवलं. ह्यांनी पास दाखवला. पोलिसानं पासाकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं, आणि मराठीत म्हणाला, "जा बाई, लवकर जा." त्या दिवशी सीट हलली नव्हती. हलेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. मला राग यायचा तो ह्याचा: कुणाच्या तरी आळसानं माझा तो विश्वास नेला, आणि आम्ही गप्प बसलो म्हणून तो त्याला फुकट मिळाला.

एवढं सगळं मनात चालायचं आणि घरात बोलणं आटत चाललं होतं. ह्यांनी एकदा पडद्यामागं विचारलं, "नट आवळून घेतलेत मी. येतेस का उद्या?" मी म्हटलं, "कुणी आवळले?" "आहे एक ओळखीचा." बांगड्या थांबल्या. आम्ही गप्प झालो. त्या गप्प होण्यातच मला कळलं की हे असंच राहील. मी बसणार नाही, हे दोनदा विचारतील, मग विचारणार नाहीत, आणि दहा वर्षांनी आम्ही सासूबाई-सासऱ्यांसारखे एकमेकांना फक्त 'पाणी तापलं' एवढंच सांगत असू. ते मला नको होतं. त्यापेक्षा भांडण बरं होतं.

म्हणून एका दुपारी, सासूबाईंना माहेरी जाऊन येते सांगून, मी चंपाला कडेवर घेतलं आणि लॅमिंग्टन रोडच्या त्या शोरूमवर गेले. काचेआड लाल रंगाची नवीकोरी गाडी होती, तिच्या टाकीत रस्ता उलटा दिसत होता. चंपा म्हणाली, "फटफट." टेबलामागं शामराव म्हणून सुपरवायझर होते, चष्मा कपाळावर चढवलेले.

"बोला. मिस्टर कुठं आहेत?"

"कामावर. माझंच काम आहे."

"तुमचं?" त्यांनी चष्मा खाली घेतला.

मी सांगितलं. गाडी कुठल्या कंपनीची, कधी नेली. बसमध्ये मी दुसरीच गोष्ट जुळवून आले होते: हे एकटेच होते, मागं हात लावला तर सीट हलली वगैरे. पण तिथं उभं राहून मी ते बोलायला लागले आणि माझ्याच कानाला ते असं वाटायला लागलं की कुणालाच काही झालं नाही, कुणी नव्हतंच तिथं. मध्येच थांबून मी म्हटलं, "मी बसले होते. ही माझ्या मांडीवर होती."

शामराव खुर्चीत मागं रेलले. त्यांना सुटका दिसली, ती मलाही दिसली. "बाई, कंपनीची गाडी ती. तुम्ही बसताच कशा? उद्या काही झालं असतं तर नाव आमचं. तुमच्या साहेबांना फोन लावू का?"

"लावा," मी म्हटलं. "पण आधी त्या दिवशी ही गाडी कुणी जोडली त्यांना बोलवा."

मागच्या बाजूनं कुशाबा मिस्त्री आला, हात पुसत. पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या. शामरावांनी विचारायच्या आधीच म्हणाला, "हिरव्या टाकीची ना? नवमीची गाडी."

"नवमीची म्हणजे?"

"खंडेनवमी, बाई. पाने पूजेला मांडले होते सगळे. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत आमच्यात. सीट काढून ठेवलेली होती, टाकी उतरवायला. साहेब म्हणाले, लोक दसऱ्याला गाडी मागतायत, हातानं आवळून दे, दसरा झाल्यावर बोलावू." त्यानं शामरावांकडं बघितलं नाही. "हातानं जेवढं आवळतं तेवढं आवळलं. मग कुणी बोलावलं नाही."

"लोक डोक्यावर बसतात हो!" शामराव म्हणाले. "दसऱ्याला गाडी दारात पाहिजे, हार पाहिजे, चकचकीत पाहिजे. आम्ही करायचं काय?"

मला तेव्हा आमचीच नवमी आठवली. नानांची, म्हणजे सासऱ्यांची, मिलमधली कात्री, माझी विळी, दिरांची पट्टी-कंपास, ह्यांचे पाने, सगळं पाटावर मांडलेलं. मीच कुंकू लावलं होतं. हे दोघं खोटं बोलत नव्हते, हे मला आतून माहीत होतं, आणि त्यानं माझा राग पातळ व्हायला लागला. पण चंपा कडेवर जड झाली होती. मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"माझी विळीपण पूजेला होती," मी म्हटलं. "मी गवार हातानं मोडली. पण घरात कुणाला कच्ची नाही वाढली."

कुशाबाच्या मिशा हलल्या. शामराव म्हणाले, "आता गवारीचं काय मध्येच?"

"त्या दिवशी आणखी किती गाड्या दिल्यात अशा?"

बाहेरून बस गेली, काच थरथरली. मग शामराव सावकाश, जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, "हे बघा. तुमची गाडी सर्व्हिसिंगची पाळी सोडून परत घ्यायची तर मला तुमच्या ऑफिसला कारण कळवावं लागेल. तुमच्या मिस्टरांना त्रास होईल. मी तुमच्यासाठी सांगतोय. जाऊ द्या. घरी जा."

"कळवा," मी म्हटलं. "बायको आणि मूल मागं बसलं होतं म्हणून कळवा. पण ज्यांना ज्यांना हातानं आवळून दिल्यात त्या सगळ्यांना बोलवा. त्यांच्या मागंही कुणी बसत असेल."

परत येताना मी रविवार गमावून येत होते, हे मला चांगलं कळत होतं. तरी कितीतरी दिवसांनी मी बसच्या दांडीला न चाचपता धरलं.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी चंपाला सासूबाईंकडं देऊन त्यांना म्हटलं, "जरा गच्चीवर चला. पापड काढायचेत." पापड नव्हते. गच्चीवर कुणाची तरी लुगडी वाळत होती, खाली नरे पार्ककडं सभेला निघालेल्या लोकांची हाळी चालली होती. मी सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले आणि त्यांचे कान लाल झाले.

"मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही खांदा उडवला असतात."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडीवर मी काही बोलले की उडवता तसा."

मग अचानक त्यांचा राग कुठंतरी गळाला आणि चेहऱ्यावर शाळेतल्या पोरासारखा भाव आला. "तुला एक सांगू? गाडीवर तू काय बोलायचीस ते मला निम्मंअर्धं ऐकूच यायचं नाही. वारा, आवाज. तू थांबलीस की मी खांदा उडवायचो."

चार वर्षं! मी कठड्याला टेकले. माझं शिक्षण, माझी स्वप्नं, चंपाच्या पाठचं, सगळं सात रस्त्याच्या वाऱ्यावर गेलेलं. मला भयंकर राग यायला हवा होता. पण मला हसू फुटलं, आणि ते आवरेना, आणि मग ह्यांनाही आवरेना, खालून कुणीतरी ओरडलं, "जयवंता, कसला तमाशा रे वर?" आणि हे डोळे पुसत म्हणाले, "काही नाही, पापड!"

ऑफिसात व्हायचं ते झालं. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की आता कानावर आलं आहे, तेव्हा शनिवारी काम संपलं की गाडी ऑफिसातच ठेवायची. नाना ऐकून म्हणाले, "बरोबर केलं सूनबाईनं. तक्रार झालीच पाहिजे!" आणि चाळीतली पोरं आठवडाभर मला बघून हळूच 'झालीच पाहिजे' म्हणत राहिली. "वहिनी, पुढचा मोर्चा कुठं?" शेवंतीनं विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या सासरी."

मग एका संध्याकाळी कुशाबा मिस्त्री खाकी पिशवी घेऊन चाळीच्या अंगणात आला. त्यानं फटफटी आडवी-उभी तपासली, सीट काढली, वायसर बदलले, पाना लावून असा जोर केला की त्याच्या मानेच्या शिरा उठल्या. सगळी चाळ कठड्याला लागली होती. सासूबाई चहा घेऊन खाली उतरल्या आणि कप हातात द्यायच्या आधी त्यांनी त्याला ऐकवलं, "पूजा करतास ता चांगलाच करतास रे. पण देवान काय सांगलेला हा, लोकांच्या पोरांका पाडा म्हणान?" कुशाबा म्हणाला, "नाही आई. चुकलं." घरोघर फिरत होता तो. दादरला एक झाली, रे रोडच्या लाकडाच्या वखारीतल्या माणसाची एक. तिचं तर पुढचं मडगार्डच नुसतं टेकवलेलं निघालं. "शामरावसाहेबांनी पाठवलं?" मी विचारलं. तो चहा संपवून म्हणाला, "साहेबांनी पहिल्या दोघांकडं पाठवलं. बाकीचे मीच आठवून आठवून काढले." पिशवी खांद्याला लावून तो निघाला. त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली. मला त्याच्यावर राग धरता आला नाही, आणि धरायची गरजही वाटली नाही.

त्या रविवारी आम्ही पायी निघालो. गिरगाव काही जवळ नाही. सासूबाई म्हणाल्या, वेड लागलां तुमका. चंपा ह्यांच्या खांद्यावर, त्यांचे केस धरून. चिंचपोकळीचा पूल पायी चढायला बराच असतो, आणि वर गेलं की खालच्या रुळांवरून, गिरण्यांच्या भिंतींवरून वारा येतो. मी नेहमीच्या सवयीनं बोलायला लागले. मग वाटलं, हे आता आपल्या बाजूनं चालतायत, आपल्याला चेहरा दिसतोय. आणि मी अडखळले. एखाद्या परक्या माणसासमोर व्हावं तसं झालं. ह्यांनी चंपाचे पाय छातीशी धरले होते. पूल उतरायला लागलो तेव्हा ते समोर बघत म्हणाले, "तुला माहीत आहे का, दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकते ना, तेव्हा आतली माणसं सगळ्यात आधी काय करतात?"

"ओरडतात?"

"नाही. एकदम गप्प होतात. मी वरून जाळीतून हाक मारतो, तरी बोलत नाहीत. मला आधी त्याचीच भीती वाटते. अजून वाटते. कुणाला सांगितलं नाही कधी."

ते थांबले, म्हणजे बोलायचे थांबले. पाय चालतच होते. सात रस्त्याकडून येणाऱ्या गाड्यांच्या आवाजात मी त्यांच्या आणखी जवळ सरकले. मध्ये बोलले नाही. पुढचं ते सांगणार होते.